कॅल चेडर : परक्या तालाचा उपासक

जी विद्या आपल्या घरची नाही, ती परक्याने शिकावी काय, आणि शिकल्यास तिच्यावर त्याचा अधिकार कितपत पोचतो, हा प्रश्न संगीताच्या प्रांतात वारंवार निघतो. त्याचे उत्तर ज्याने वादाने न देता वादनाने दिले, अशा एका अमेरिकन कलावंताचे अल्पचरित्र आम्ही विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवीत आहोत.

कॅल चेडर यांचा जन्म १६ जुलै १९२५ रोजी सेंट लुईस शहरी झाला. घराणे मूळचे स्वीडिश. वडील नर्तक व आई पियानोवादक. दोघेही रंगभूमीवर काम करीत. मूल दोन वर्षांचे असता हे कुटुंब कॅलिफोर्नियातील सॅन मॅटेओ गावी गेले व तेथे त्यांनी नृत्यशाळा काढली. वडिलांनी मुलास बुटांच्या ठोक्यांवर ताल धरणारे नृत्य शिकविले, आईने पियानोचे धडे दिले. पुढे ते ड्रम वाजवू लागले व सोळाव्या वर्षी एका स्पर्धेत त्यांनी पहिला क्रमांक मिळविला. परंतु तो दिवस होता ७ डिसेंबर १९४१ चा! त्याच सकाळी पर्ल हार्बरवर जपानी विमानांनी हल्ला केला होता. तेव्हा एका मुलाच्या विजयाकडे पाहण्यास कोणास सवड असणार? पुढे १९४३ ते १९४६ पर्यंत ते नौदलात होते.

युद्धानंतर सॅन फ्रान्सिस्को येथे कॉलेजात शिकत असता त्यांची पियानोवादक डेव्ह ब्रूबेक यांच्याशी गाठ पडली. ब्रूबेक यांच्या त्रयीत ते ड्रम वाजवीत व गतीच्या गरजेप्रमाणे व्हायब्राफोनही वाजवीत. हे वाद्य आपल्या जलतरंगाची आठवण करून देते. मात्र वाट्यांऐवजी त्यात धातूच्या पट्ट्या असतात. पट्टीखाली नळी असते, नळीच्या तोंडाशी विजेवर फिरणारी चकती असते, व तिच्या योगाने स्वर पाण्यावरील लहरीप्रमाणे थरथरतो. १९५१ साली हवाई बेटात पोहताना ब्रूबेक यांस गंभीर दुखापत झाली आणि ती त्रयी मोडली.

१९५३ साली चेडर हे जॉर्ज शिअरिंग या अंध पियानोवादकाच्या वृंदात गेले. तेथील बासवादक अल मॅकिबन यांस क्यूबाच्या संगीताचा लळा होता. त्यांच्या संगतीने चेडर यांसही तो लागला, व न्यूयॉर्क येथे माचितो व टिटो प्वेंते यांचे वृंद ऐकून त्यांच्या आयुष्याची दिशाच बदलली. १९५४ साली त्यांनी सॅन फ्रान्सिस्को येथे स्वतःचा वृंद उभारला.

क्यूबाचा ठेका वरवर सोपा वाटतो, पण आत शिरणे कठीण. दोन लाकडी दांडक्यांवर पाच आघातांचा एक बंध वाजतो, त्यास क्लावे म्हणतात. इतर साऱ्या वाद्यांस त्याची मर्यादा पाळावी लागते. चेडर यांनी ही मर्यादा पाळली, आणि त्याहून मोठी गोष्ट ही की, त्यांनी जाणत्यांस आपल्या शेजारी मानाने बसविले. हवानाचे मोंगो सांतामारिया व पोर्तो रिकन घराण्यातील विली बोबो हे दोघे तालवादक प्वेंते यांचा वृंद सोडून त्यांच्याकडे आले. १९५९ साली कार्मेल येथील जलशात सांतामारिया यांची ‘ॲफ्रो ब्लू’ ही रचना चेडर यांच्या वृंदाने वाजविली व तिचे ध्वनिमुद्रण झाले. पुढे जॉन कोल्ट्रेनसारख्या थोर वादकाने ती वाजविली व ती सर्वतोमुखी झाली. सेवकाच्या रचनेस आपल्या व्यासपीठावर स्थान देणारे धनी थोडेच!

‘सोल सॉस’ या १९६५ साली निघालेल्या ध्वनिमुद्रिकेच्या एक लाखाहून अधिक प्रती खपल्या. तिच्यातील मुख्य गत डिझी गिलेस्पी व क्यूबाचे दिवंगत तालवादक चानो पोझो यांची होती. १९६६ साली एडी पाल्मिएरी यांच्या सहकार्याने त्यांनी ‘एल सोनिदो नुएवो’, म्हणजे ‘नवा ध्वनी’, ही ध्वनिमुद्रिका काढली. दोघेही स्वतंत्र वृंदांचे नायक; तरी तीत कोणी कोणावर कुरघोडी करीत नाही. अखेरीस ‘ला ओंदा वा बिएन’ या मुद्रिकेबद्दल १९८१ साली त्यांस लॅटिन संगीताचे ग्रॅमी पारितोषिक मिळाले. ज्या विद्येत ते पाहुणे म्हणून शिरले, तिच्यातच त्यांस हा मान लाभला.

हे सुख फार काळ टिकले नाही. वादनाच्या दौऱ्यावर असता ५ मे १९८२ रोजी मनिला येथे हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. वय अवघे छप्पन्न वर्षांचे.

आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर आम्हास या चरित्रात सापडते. परक्या विद्येवर अधिकार सांगून मिळत नाही. ती ज्यांची, त्यांचे ऋण उघडपणे मानीत शिकणाऱ्यास तो हळूहळू दिला जातो. चेडर यांच्या ध्वनिमुद्रिका ऐकाल, तेव्हा त्या थरथरत्या स्वरांमागे चाललेल्या कातडी वाद्यांकडेही कान द्या. चेडर स्वतः आयुष्यभर तेच करीत आले.