संत गाडगे महाराजांचा खराटा

श्रीसंत गाडगे महाराजांचे नाव ठाऊक नाही असे मराठी घर विरळा. त्यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे झाला. मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. पितृछत्र लहानपणीच हरपल्यामुळे ते दापुरे येथे आजोळी वाढले. तेथे त्यांनी गुरे राखली, शेत कसले. १ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी गृहत्याग केला. अंगावर चिंध्या, एका हाती मातीचे गाडगे, दुसऱ्या हाती खराटा. एवढीच त्यांची संपत्ती.

पूर्णा नदीकाठी ऋणमोचन येथे यात्रा भरे. स्नान करून वर येणारे यात्रेकरू चिखलात घसरत. बाबांनी कोणाच्या आज्ञेची वाट न पाहता तेथे रेती टाकण्यास आरंभ केला. एकटा मनुष्य राबतो आहे हे पाहून इतरांनीही पाट्या उचलल्या. पुढे तेथे घाट झाला. गावोगावी हाच क्रम असे. वेशीतून आत येताच बाबा रस्ते व गटारे झाडू लागत. मग ओसरीवरच्या मंडळींना स्वस्थ बसवत नसे. सावकार असो वा मोलकरी, खराटा सर्वांना सारखाच. रात्रीच्या कीर्तनात ते प्रश्न विचारीत आणि उत्तरे श्रोत्यांच्याच मुखातून काढीत. निरक्षर मनुष्यही तेथे बोलता होई.

येथे स्वतःची एक चूक सांगणे प्राप्त आहे. शाळेतील श्रमदानाच्या यादीतून मी एका पायाने अधू असलेल्या विद्यार्थ्याचे नाव केवळ दयेपोटी वगळले. तो दिवसभर कुंपणाशी उभा राहून पाहत होता. बाबांच्या कामाला यादीच नसे. जो येई त्याच्या हाताला काम मिळे. आपल्या मेळाव्याचे स्वयंसेवक निवडताना तो मुलगा मला दरवर्षी आठवतो.

पंढरपुरी अस्पृश्य गणलेल्या वारकऱ्यांना उतरावयास जागा मिळत नसे. त्यांच्यासाठी बाबांनी चोखामेळा धर्मशाळा उभारली आणि १९४९ साली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. नाशिक, आळंदी, देहू येथेही धर्मशाळा झाल्या. त्यांत स्वतःच्या कुटुंबास मात्र त्यांनी आश्रय दिला नाही. आंधळे, पांगळे, महारोगी यांची पंगत ते स्वतः वाढीत. कोणास पाया पडू देत नसत, कोणास शिष्य म्हणवीत नसत.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीच्या वाटेवर, वलगावनजीक पेढी नदीच्या पुलापाशी, प्रवासातच त्यांचे देहावसान झाले.