पंडिता रमाबाई : बळ कोठून आले

दुष्काळ म्हणजे काय हे सेनगावच्या बाजूच्या आमच्या वाचकांस समजावून सांगण्याची गरज नाही. मृगाचे ढग आले तसे निघून गेले, विहिरीचा तळ दिसू लागला, दावणीची जनावरे बाजाराची वाट धरू लागली, असे दिवस येथील बहुतेक घरांतील वडील माणसांनी पाहिलेले आहेत. म्हणूनच पंडिता रमाबाईंचे चरित्र आम्ही त्यांच्या पांडित्यापासून नव्हे, तर त्यांच्या भुकेपासून सांगू लागतो.

त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या रानात गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे ह्यांनी लोकरीतीस न जुमानता आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला संस्कृत शिकविले, आणि तिनेच आपल्या धाकट्या मुलीस शिकविले. हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराण सांगत हिंडे व मिळेल ते दानधर्मात घाली. पुढे दक्षिणेत दुष्काळ पडला. पैसा सरला, भांडी विकली गेली. मजुरी शिकलेली नव्हती, आणि भीक मागणे मनास पटेना. उपास, जप, प्रदक्षिणा ह्यांत काही उणे राहिले नाही. पण रानातील पाला व पाणी ह्यांवर दिवस काढण्याची पाळी आली. प्रथम वडील गेले, मग आई गेली. आईची तिरडी उचलण्यास खांदेकरी पुरेनात, तेव्हा चौथ्या बाजूस रमाबाई स्वतः लागल्या. आणि अंगाने ठेंगण्या असल्यामुळे त्यांनी तो भार डोक्यावर घेऊन स्मशानाची वाट चालली. त्यानंतर थोरली बहीणही वारली. उरलेली दोघे भावंडे हजारो मैल पायी हिंडली. पंजाबात झेलम नदीच्या काठी थंडीच्या रात्री त्यांनी वाळूत खड्डे खणून अंगावर वाळूच ओढून घेतली होती.

ह्या भ्रमंतीत देवांवरील त्यांचा विश्वास उडाला, हे सांगताना आम्हांस आनंद होत नाही. ज्या मनुष्याचा जुना आधार तुटला व नवा अद्याप सापडला नाही, त्याची अवस्था फार कठीण असते. १८७८ साली त्या कलकत्त्यास पोहोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांची परीक्षा घेऊन त्यांस पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. तेथेच त्यांनी ख्रिस्ती लोकांची एक सभा पाहिली. मंडळी खुर्च्यांकडे तोंड करून गुडघे टेकू लागली, तेव्हा हे लोक खुर्च्यांचीच पूजा करतात की काय, असे त्यांस वाटले! आमच्या उपासनेकडे बाहेरून पाहणारास काय दिसते, ह्याचा विचार आपण पाळक लोक फारसा करीत नाही.

१८८० साली भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी दास ह्या बंगाली वकिलाशी त्यांनी जातीबाहेर विवाह केला. १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने तेही वारले. पदरी मनोरमा ही वर्षाचीही न झालेली मुलगी. ह्याच संसारात, आसामातील सिलचर येथे, लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत त्यांच्या हाती आली होती. पुढे त्या पुण्यास आल्या, तेथे आर्य महिला समाज स्थापिला, आणि १८८३ साली इंग्लंडास गेल्या. तेथील धर्मभगिनींनी त्यांस पतित स्त्रियांचे एक आश्रयगृह दाखविले. ज्या स्त्रियांची समाज सावलीही टाळतो, त्यांची शुश्रूषा प्रेमाने होत असलेली त्यांनी पाहिली व त्याचे कारण विचारले. तेव्हा विहिरीवर शोमरोनी स्त्रीशी प्रभू बोलला, ती गोष्ट त्यांस वाचून दाखविण्यात आली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

येथे पुष्कळ चरित्रे थांबतात, जणू बाप्तिस्मा झाला म्हणजे सर्व झाले. बाईंच्या बाबतीत तसे झाले नाही. त्या आपल्या गुरुजनांस प्रश्न विचारीत, वाद घालीत, आणि कोणी सांगितले एवढ्यावरून एखादे मत स्वीकारीत नसत. हे त्या गुरुजनांस आवडले नाही. आम्हांस मात्र ह्यात दोष दिसत नाही. पुढे बाईंनी स्वतःच प्रांजळपणे लिहून ठेविले की, आपणांस ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्त सापडला नव्हता. ती अंतरीची शांती त्यांस १८९१ च्या सुमारास, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी लाभली. आमच्या मंडळ्यांत जे बंधुभगिनी वर्षानुवर्षे उपासनेस येऊनही मनातल्या मनात कोरडे राहतात व ते सांगण्यास लाजतात, त्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा.

आणि ती शांती अगदी वेळेवर आली. अमेरिकेतील मित्रांच्या साह्याने बाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदासदन उघडिले होते, व १८९० साली ते पुण्यास नेले होते. बाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत, दार उघडे असे, आणि मुली आपण होऊन येऊन बसत. ह्यावरून १८९३ साली पुण्यात वादळ उठले. सल्लागार मंडळातील थोर गृहस्थांनी अंग काढून घेतले, पुष्कळ मुलींस त्यांच्या पालकांनी परत नेले. दार लावून घेतले असते तर वाद मिटता. बाईंनी ते लाविले नाही.

१८९६-९७ साली मध्यप्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा बाईंस आपले बाळपण आठवले. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि शेकडो मुली व स्त्रिया घेऊन आल्या. पुण्याजवळ केडगाव येथे घेतलेल्या जमिनीवर मुक्तिसदन उभे राहिले. १८९८ साली अमेरिकन मित्रांच्या दहा वर्षांच्या वचनाची मुदत संपली, आणि त्यानंतर ठराविक उत्पन्न असे राहिले नाही. तरी १९०० च्या दुष्काळात गुजराथेतूनही मुली आणण्यात आल्या, व मुक्तीतील माणसे दीड हजारांवर गेली. त्या वर्षी विहिरी आटत आल्या होत्या. एवढी माणसे, शिवाय गुरेढोरे! पाणी साठवून ठेवावे इतके कधीच नव्हते, पण रोजचे पाणी रोज मिळत गेले. ही विश्वासाची शाळा कशी असते, ते हंड्याशी रांगेत उभ्या राहिलेल्या बाईस आमच्या उपदेशावाचून कळेल.

उत्तरायुष्यात बाईंस ऐकू फारसे येत नसे. त्यांनी इब्री व हेल्लेणी भाषांचा अभ्यास करून साऱ्या पवित्र शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर करण्याचे काम हाती घेतले, ह्या हेतूने की अल्पशिक्षित खेडवळ स्त्रीसही ते समजावे. ह्यात सुमारे अठरा वर्षे गेली. ते भाषांतर आपल्या मंडळ्यांत रूढ झाले नाही, ह्याची आम्हांस खंत वाटते. काम संपत आले असता २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा निवर्तली. आईच्या मागे मुक्तीचा भार जिने उचलावयाचा, तीच पुढे गेली. तिरडीचा भार डोक्यावर घेतलेल्या त्या बाईने ह्याही वेळी काम खाली ठेविले नाही. मुद्रिते तपासणे चालूच राहिले. शेवटची मुद्रिते पुरी व्हावीत म्हणून त्यांनी देवाजवळ आणखी दहा दिवस मागितले होते, अशी हकिगत सांगतात. ५ एप्रिल १९२२ च्या पहाटे त्या झोपेतच प्रभूकडे गेल्या. शास्त्राचा पूर्ण ग्रंथ १९२४ साली मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडला. दुष्काळातून आणलेल्या स्त्रिया त्या छापखान्यात खिळे जुळविण्यास शिकल्या होत्या.