सावित्रीबाई फुले : माता व बालक या दोघांसाठी उघडलेले दार

गर्भपाताचा विषय निघाला की समाजात दोन तट पडतात. एक न जन्मलेल्या बालकाच्या जीविताविषयी बोलतो, दुसरा संकटात सापडलेल्या स्त्रीविषयी. या दोघांनाही एकाच वेळी जवळ करणारे एक जीवन आपल्या महाराष्ट्राने पाहिले आहे. त्याचे आज आम्ही स्मरण करीत आहोत.

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे झाला. १८४० मध्ये जोतीराव फुले यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पतीच्या साह्याने त्या शिकल्या आणि १८४८ मध्ये पुण्याच्या भिडेवाड्यात मुलींना शिकवू लागल्या.

त्या काळी उच्चवर्णीय बालविधवांना पुनर्विवाहाची मुभा नव्हती. एखादीला फसवणुकीतून दिवस गेले, तर पुरुष नामानिराळा राहत असे आणि तिच्यापुढे गुप्त गर्भपात, बालहत्या किंवा आत्महत्या एवढेच मार्ग उरत. काशीबाई नावाच्या अशाच एका ब्राह्मण विधवेने लोकलज्जेस्तव आपले अर्भक मारले व तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. या घटनेने फुले दांपत्य हेलावून गेले.

१८६३ मध्ये त्यांनी आपल्या राहत्या घरीच बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. विधवांनी येथे येऊन गुप्तपणे बाळंत व्हावे, मूल न्यावे वा ठेवावे, अशा आशयाच्या जाहिराती पुण्यात लावण्यात आल्या. १८८४ पर्यंत ३५ विधवा तेथे आल्या होत्या. त्यांची बाळंतपणे व अर्भकांचे संगोपन सावित्रीबाईंनी आईच्या मायेने केले. त्यांना स्वतःला मूल नव्हते. १८७४ मध्ये तेथे आलेल्या एका विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला. तोच यशवंत पुढे डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगमध्ये त्याच्या दवाखान्यात सावित्रीबाई रुग्णांची सेवा करीत होत्या. एका आजारी मुलाला पाठीवरून आणताना त्यांना संसर्ग झाला आणि १० मार्च रोजी त्यांचे निधन झाले.

१९७१ च्या कायद्याने भारतात ठरावीक कारणांसाठी गर्भपाताला परवानगी दिली व २०२१ च्या दुरुस्तीने काही स्त्रियांसाठी ती मुदत २४ आठवड्यांपर्यंत वाढविली. या वादात सावित्रीबाईंना आपल्या बाजूच्या साक्षीदार म्हणून उभे करणे आम्हांस उचित वाटत नाही, कारण त्यांचा काळ व त्यांच्यापुढील प्रश्न वेगळे होते. मात्र त्यांचे जीवन आपल्यालाच एक प्रश्न विचारते.

गर्भधारणेपासून जीवन पवित्र आहे, असे ख्रिस्तसभा शिकविते. पण अंधेरी, बोरिवली, मुलुंड वा घाटकोपरच्या एखाद्या इमारतीत अविवाहित मुलगी गरोदर असल्याचे कळले, तर तिच्या कानी प्रथम काय पडते? शेजाऱ्यांची कुजबुज, की एखाद्या माउलीचा आधाराचा शब्द? तिची कुचंबणा करून तिच्या बाळाचे रक्षण करता येणार नाही. जो समाज तिला जन्म दे म्हणतो, त्याने तिच्या बाळंतपणाचा, औषधपाण्याचा आणि पुढील आयुष्याचा भारही उचलावयास हवा. सावित्रीबाईंनी तो उचलला. आपल्या धर्मग्रामांतही असे दार उघडे असावे, अशी आम्ही प्रार्थना करतो.