पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर आणि पायरीची नेमणूक

डोंगरावरील देवस्थानास जाणाऱ्या भक्ताला देवाच्या आधी भेटते ती पायरी. शिखरावरील कळस दुरून दिसतो, म्हणून त्याचे कौतुक होते. पायरी पायाखाली असते, म्हणून ती निखळेपर्यंत तिची कोणास आठवण होत नाही. पावसाळ्यात तिच्या सांध्यांतून पाणी मुरते, त्या ओलाव्यावर शेवाळ धरते, पिंपळाचे बी रुजते आणि चार वर्षांत मुळी चिऱ्याला बाजूस सारते. मग एखाद्या वृद्ध भाविकाचा पाय घसरला म्हणजे जीर्णोद्धाराची सभा भरते. श्रींच्या उत्सवानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत ज्या थोर स्त्रीचे चरित्र महाजन कुटुंबांपुढे ठेवण्याचे योजिले आहे, तिने पायऱ्या तर पुष्कळ बांधल्याच. पण बांधलेली पायरी टिकावी कशी, याचा विचार बांधण्याच्या वेळीच केला. या दुसऱ्या गोष्टीसाठी तिचे स्मरण आज आपणांस अधिक अगत्याचे आहे.

आपल्यापैकी जी कुटुंबे उज्जयिनी-ओंकारेश्वराच्या यात्रेस जातात, ती बहुधा इंदुरास मुक्काम करतात आणि मल्हारगंज भागातील बडा गणपतीचे दर्शन घेऊनच पुढे निघतात. सुमारे २५ फूट उंचीची ती बैठी भव्य मूर्ती विटा, चुना, गूळ, मेथी आणि पुण्यक्षेत्रांची माती यांच्या मिश्रणातून घडविलेली आहे. तिला वर्षातून चार वेळा शेंदूर व तूप यांचा चोळा चढवितात आणि एका वेळच्या चोळ्याचे काम कित्येक दिवस चालते. मूर्ती घडविण्याचे काम एकदा झाले. तिला जपण्याचे काम मात्र कधीच संपत नाही. हे मंदिर अहिल्याबाईंच्या पश्चात बऱ्याच काळाने उभे राहिले. तथापि ज्या वस्तीत ते आहे तिला त्यांच्या सासऱ्यांचे नाव आहे, आणि इंदूर नगरीच्या भरभराटीस त्यांच्याच राजवटीत वेग आला. म्हणून तेथे उभे राहिले असता त्या साध्वीची आठवण होणे स्वाभाविक आहे.

अहिल्याबाईंचा जन्म ३१ मे १७२५ रोजी चौंडी या गावी झाला. हे गाव पूर्वीच्या अहमदनगर, म्हणजे २०२४ पासून अहिल्यानगर म्हटल्या जाणाऱ्या जिल्ह्यात आहे. वडील माणकोजी शिंदे हे गावचे पाटील. १७३३ साली सुभेदार मल्हारराव होळकरांचे पुत्र खंडेराव यांच्याशी त्यांचा विवाह झाला. मल्हारराव स्वतः सदैव मोहिमेवर असत. त्यांनी सुनेची बुद्धी ओळखली आणि वसूल, पत्रव्यवहार, फौजेची रसद व जमाखर्च ही कामे हळूहळू तिच्या हाती दिली. त्या काळी सुभेदाराच्या घरातील सुनेने हिशेबाची वही उघडावी ही गोष्ट सामान्य नव्हती. प्रस्तुत लेखकाचे आयुष्य कचेरीतील वह्यांवर मान मोडण्यात गेले असल्यामुळे या शिक्षणाचे मोल त्यास विशेष वाटते.

१७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून खंडेराव पडले. अहिल्याबाई सहगमनास निघाल्या असता वृद्ध सासऱ्यांनी डोळ्यांत पाणी आणून त्यांना परत फिरविले. १७६६ साली मल्हारराव निवर्तले आणि पुढल्याच वर्षी अहिल्याबाईंचे एकुलते एक पुत्र मालेराव यांचेही देहावसान झाले. दौलत निर्नायकी झाली असे समजून दिवाण गंगाधर यशवंत यांनी राघोबादादांशी संधान बांधले. अहिल्याबाईंनी फौज सज्ज केली, मराठा सरदारांस पत्रे धाडली आणि पुण्याहून माधवराव पेशव्यांची मान्यता मिळविली. राघोबादादांना अखेर समाचारास आल्याचे सांगून मागे फिरावे लागले. फौजेचे काम तुकोजीराव होळकरांकडे सोपवून अहिल्याबाईंनी नर्मदातीरी महेश्वर येथून मुलकी कारभार चालविला. तो पुढे २८ वर्षे अव्याहत चालला.

त्यांच्या दानधर्माचे मर्म समजण्यासाठी एक भेद ध्यानी घेतला पाहिजे. होळकरांच्या घरी दौलतीचे उत्पन्न निराळे आणि खासगीचे निराळे होते. १७३४ साली पेशव्यांकडून मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे खासगीची जहागीर मिळाली होती; ती पुढे अहिल्याबाईंकडे आली. मंदिरे, घाट, धर्मशाळा, अन्नछत्रे यांचा खर्च त्यांनी या खासगीतून केला. फौजेचा व रयतेचा पैसा एका खाती, देवाचा पैसा दुसऱ्या खाती, हा दंडक त्यांनी आयुष्यभर पाळला.

त्या खासगीतून काय उभे राहिले त्याची यादी मोठी आहे. काशी विश्वेश्वराचे मंदिर १७८० साली उभारले गेले, सोमनाथाचे १७८३ साली, गयेचे विष्णुपद मंदिर १७८७ साली. पण आपल्या विषयास धरून आपण पायऱ्यांकडेच पाहू. काशीस गंगेत उतरणारे घाट, महेश्वरास किल्ल्याच्या तटापासून नर्मदेच्या पाण्यापर्यंत गेलेली दगडी पायऱ्यांची रांग, केदारनाथाच्या दुर्गम वाटेवर यात्रेकरूंसाठी धर्मशाळा व पाण्याचे कुंड, ही सर्व कामे चालणाऱ्या माणसाच्या पायांचा विचार करून झालेली आहेत. माळव्याच्या पठारावरून महेश्वराकडे विंध्याद्री उतरताना जाम घाटाची चढण लागते. तेथे त्यांनी १७९१ साली दगडी दरवाजा बांधविला. आजही महू-मंडलेश्वर रस्त्याने जाणारा प्रवासी त्या दरवाजापाशी क्षणभर थांबतो.

होळकरांचे कुलदैवत जेजुरीचा खंडोबा. जेजुरी गडाचे दगडी काम मल्हाररावांनी आरंभिले आणि तुकोजीरावांच्या काळी १७७० साली ते पुरे झाले. मल्हाररावांच्या स्मरणार्थ अहिल्याबाईंनी तेथे मल्हारगौतमेश्वराचे मंदिर बांधले. या गडाचा चढा सोपानमार्ग पाहिला म्हणजे पायरी ही केवळ दगडाची रास नसून तिच्यावर एक समाजच नांदत असतो हे कळते. चढावर ठिकठिकाणी कमानी आणि दीपमाळा आहेत. त्या कोणा एकट्या राजाने उभारलेल्या नसून नाना गावच्या नाना जातींच्या भक्तांनी आपापल्या नवसापोटी वाहिलेल्या आहेत. भंडार-खोबरे विकणारे, वाघ्या-मुरळी, गुरव, पालखीचे खांदेकरी यांची उपजीविका व सेवा त्याच पायऱ्यांवर चालते. नवपरिणीत वर आपल्या वधूस उचलून काही पायऱ्या चढतो. सोमवती अमावास्येस देवाची पालखी त्याच पायऱ्यांनी उतरून कऱ्हेच्या स्नानास जाते. ज्या दिवशी त्या पायऱ्या ढासळतील त्या दिवशी या साऱ्यांचा संसारही डळमळेल. अलीकडच्या काळात तेथे गडाच्या जतनाचे मोठे काम शासनाने हाती घेतले, त्यामागील निकडही हीच.

आता मुख्य मुद्दा. अहिल्याबाईंनी जेथे बांधकाम केले तेथे ते पुरे झाल्यावर हात झटकले नाहीत. पूजा, नैवेद्य, दिवाबत्ती, अन्नदान व डागडुजी यांसाठी जमिनीचे उत्पन्न वा रोख नेमणूक लावून दिली. दूरदूरच्या देवालयांस प्रतिवर्षी गंगोदकाच्या कावडी पोहोचत. कावड वाहणारा माणूस दरवर्षी त्या वाटेने जाई, म्हणजे वाट वापरात राही व तिची खबर महेश्वरास येत राही. पुण्यकर्म आणि देखरेख अशी एकाच व्यवस्थेत गुंफलेली होती.

ही रीत आपणां गोमंतकीयांस परकी नाही. माळव्यात राणोजी शिंद्यांचे दिवाण असलेले रामचंद्र मल्हार सुखठणकर हे सारस्वत मुत्सद्दी. उज्जयिनीच्या महाकालेश्वराचे मंदिर अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांनीच पुन्हा उभारले, आणि त्यांच्याच शब्दावरून पेशव्यांनी १७३९ साली मंगेशी गाव श्रीमंगेशास इनाम दिला. देवळास नुसते सोने न देता गाव द्यायचा, यातील हेतू हाच की दरवर्षीचा खर्च दरवर्षी निघावा.

अहिल्याबाईंचा उत्तरकाळ दुःखात गेला. नातू नथ्याबा अकाली वारला. १७९१ साली जामात यशवंतराव फणसे निवर्तले आणि कन्या मुक्ताबाई आईच्या विनवण्यांस न जुमानता सती गेली. जाम घाटाचा दरवाजा उभा राहिला तो याच वर्षी. घरात कोणी उरले नसताही त्या माउलीने इतरांच्या वाटा बांधणे थांबविले नाही. १३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वर येथे त्यांनी देह ठेवला.

त्यांच्या पश्चात त्या नेमणुकांचे काय झाले हेही सांगितले पाहिजे. १९४८ साली होळकर संस्थान मध्यभारतात विलीन झाले तेव्हा खासगीच्या उत्पन्नापोटी प्रतिवर्षी २,९१,९५२ रुपये या धर्मादायासाठी कायमचे राखून ठेवण्यात आले आणि १९६२ साली त्याचा विश्वस्त निधी स्थापन झाला. पुढे त्यातील मिळकतींच्या विक्रीवरून वाद उपस्थित झाला. तो २०२० साली इंदूरच्या उच्च न्यायालयीन खंडपीठापुढे आणि तेथून सर्वोच्च न्यायालयात गेला. हा निधी सार्वजनिक न्यासाच्या कायद्याखाली येतो व त्याची तशी नोंदणी झाली पाहिजे, असा निर्णय २०२२ साली झाला. यात कोणाचे किती चुकले हे ठरविण्याचे हे स्थळ नव्हे. बोध एवढाच की नेमणूक जेवढी महत्त्वाची, तेवढाच तिचा उघडा हिशेबही महत्त्वाचा. दोहोंपैकी एक सुटले की घाट न्यायालयाची पायरी चढतो.

आपल्या देवस्थानांचा कारभार १९३३ च्या महाजनी नियमावलीप्रमाणे चालतो. अंदाजपत्रक आधी आणि खर्च मागाहून, हा तिचा कणा आहे. तरीही अंदाजपत्रक वाचताना काय दिसते? सभामंडप, रंगकाम, रोषणाई, उत्सवाचे नाटक यांस रकमा असतात. संगमरवरी फरशीवर नाव कोरून घेण्यास दाते पुढे येतात, आणि ते स्तुत्यच आहे. पण मृगाआधी पायऱ्यांकडेची पाण्याची चर उपसणे, सांध्यांतील रोपे मुळासकट काढणे, चतुर्थीपूर्वी शेवाळ खरवडणे, सुटलेला चिरा वेळीच बसविणे या कामांवर कोणाचेही नाव कोरले जात नाही. म्हणून त्यांस रक्कमही नसते आणि मनुष्यही नसतो. पूर्वी ही कामे देवाच्या सेवेकऱ्यांकडे व वाड्यावाड्यांतून पाळीने येणाऱ्या कुटुंबांकडे असत. आता तरुण पिढी नोकरीधंद्यानिमित्त मुंबईस, आखातात वा विलायतेस आहे. तिला दोष देऊन चर उपसली जाणार नाही.

महाजनांनी पुढील अंदाजपत्रकात पायऱ्यांचे खाते स्वतंत्र उघडावे, त्यास ठेवीचे व्याज जोडून द्यावे, एका माणसाची वर्षभराची नेमणूक करावी आणि त्या खात्याचा हिशेब उत्सवाच्या दिवशी सभामंडपात लावावा. परगावी असलेल्या कुटुंबांनी नव्या कमानीऐवजी या ठेवीत आपला वाटा घालावा. अहिल्याबाईंनी केदारापासून रामेश्वरापर्यंत जे केले, त्यापुढे आपल्या एका टेकडीच्या पायऱ्या म्हणजे काहीच नव्हे. पण त्या राखण्याची जबाबदारी आपली आहे, अन्य कोणाची नाही.

उद्याच्या पिढीतील थकलेल्या आजीबाईस आणि तिचा हात धरून चढणाऱ्या नातवास श्रींचे दर्शन निर्धास्तपणे घडो, आणि ते घडविण्याची सुबुद्धी आम्हां सर्व महाजनांस लाभो, हीच श्रीचरणी नम्र प्रार्थना.