विश्लेषण : उपकरणे संस्थेतच घडवण्याचा होमी भाभांचा आग्रह कशासाठी?

पाचूबंदरच्या कोळी बांधवांना वेगळे सांगावे लागत नाही : बोट अडली, की हंगाम बुडतो. म्हणून डागडुजीचा माणूस हाताशी लागतो. विज्ञानातही उपकरण अडले, की प्रयोग थांबतो. हे नेमके ओळखणाऱ्या डॉ. होमी भाभा यांची ही ओळख.

भाभा मुळात अभियंता?

होय. जन्म ३० ऑक्टोबर १९०९, मुंबई. मुलाने टाटांच्या जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात काम करावे, ही घरच्यांची इच्छा. त्यासाठी १९२७ मध्ये ते केंब्रिजला गेले आणि १९३० मध्ये यांत्रिक अभियांत्रिकीत पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले. त्यानंतर मात्र ते भौतिकशास्त्राकडे वळले.

संस्था कशी उभी राहिली?

१९३९ मध्ये ते सुटीवर भारतात आले आणि युद्ध सुरू झाल्याने इथेच राहिले. बंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी विश्वकिरणांचे संशोधन सुरू केले. १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था (टीआयएफआर) स्थापन झाली. त्याच वर्षी ती मुंबईत पेडर रोडवरील केनिलवर्थ बंगल्यात आली.

कार्यशाळेची गरज काय?

प्रयोगाला लागणारे यंत्र अनेकदा बाजारात मिळतच नाही, कारण तो प्रयोग आधी कोणी केलेला नसतो. परदेशातून मागवायचे तर परकीय चलन हवे आणि महिनोन्महिने वाट पाहावी लागते. बिघडले, तर दुरुस्ती कोण करणार? लेथ चालवणारा, वेल्डर, काचकाम करणारा आणि इलेक्ट्रॉनिक्सचा जाणकार शेजारच्या खोलीत असेल, तर चूक सकाळी सापडते आणि सुटा भाग संध्याकाळी बदलता येतो.

त्यातून काय घडले?

तुर्भे येथील ‘अप्सरा’ अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी सुरू झाली. इंधन ब्रिटनचे होते. पण अणुभट्टी भारतीय अभियंत्यांनी उभारली आणि नियंत्रणाची इलेक्ट्रॉनिक साधनेही इथेच बनली. टीआयएफआरमध्येच सुमारे २,७०० व्हॉल्व्हचा ‘टिफरॅक’ संगणक तयार झाला आणि १९६० मध्ये कामाला लागला. त्याची स्मृती अवघी २,०४८ शब्दांची होती. आजच्या मोबाइलपुढे ती नगण्य वाटेल. पण तो बनवताना संगणक जाणणारी माणसे घडली.

पुढे काय झाले?

२४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँ पर्वतावरील विमान अपघातात भाभांचे निधन झाले. वय अवघे ५६. पुढच्याच वर्षी, टीआयएफआर आणि तुर्भे येथील इलेक्ट्रॉनिक्सच्या कामातून हैदराबादला ‘ईसीआयएल’ ही सरकारी कंपनी उभी राहिली. नारायणगावजवळ खोडद येथील ३० अँटेनांची महाकाय रेडिओ दुर्बीण ही त्याच परंपरेतली.

विकत आणलेले यंत्र जुने झाले, की भंगारात जाते. ते घडवताना आलेले कसब मात्र पुढच्या यंत्राला उपयोगी पडते. भाभांच्या आग्रहामागचा हिशेब हाच होता.