पदवीविना प्राध्यापक

प्रत्यावर्ती विद्युतप्रवाहाचे गणित अभियंत्यांच्या आवाक्यात आणणारे चार्ल्स प्रोटियस स्टाइनमेट्झ यांचा जन्म ९ एप्रिल १८६५ रोजी प्रशियातील ब्रेस्लाऊ येथे झाला. पाठीला जन्मजात कुबड, उंची जेमतेम चार फूट. विद्यापीठातील प्रबंध पूर्णत्वास येत असतानाच समाजवादी चळवळीतील सहभागामुळे अटकेचे संकट ओढवले आणि १८८८ मध्ये पदवी न घेताच त्यांना देश सोडावा लागला. १८८९ मध्ये ते न्यूयॉर्कला उतरले, तेव्हा अधिकारी त्यांना परत पाठविण्याच्या बेतात होते. सोबतच्या मित्राने रदबदली केली म्हणून प्रवेश मिळाला.

यंत्रातील लोखंडाचे चुंबकत्व सतत उलटसुलट होताना किती ऊर्जा वाया जाते, हे तोवर यंत्र बांधून झाल्यावरच कळे. ते आधीच काढण्याचा नियम स्टाइनमेट्झ यांनी १८९२ मध्ये मांडला. पुढच्याच वर्षी संमिश्र संख्यांच्या साह्याने प्रत्यावर्ती मंडलांची किचकट आकडेमोड त्यांनी साध्या बीजगणितावर आणली.

जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे सल्लागार असतानाच १९०२ मध्ये ते स्केनेक्टडीच्या युनियन कॉलेजात विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक झाले. त्याच वर्षी हार्वर्डने त्यांना सन्माननीय पदवी दिली. शहराच्या शिक्षण मंडळाचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले. २६ ऑक्टोबर १९२३ रोजी त्यांचे निधन झाले. बंदरावरूनच परत जाण्याची वेळ आलेल्या या निर्वासिताची समीकरणे विद्युत अभियांत्रिकीचे विद्यार्थी आजही गिरवतात.