होळकरांची ड्युझेनबर्ग: सुपरचार्जरला पेट्रोल पाजायचं कसं?

मी वाढलो ऊर्जानगरमध्ये, म्हणजे चंद्रपूर महाऔष्णिक वीज केंद्राच्या कॉलनीत. बॉयलरमध्ये हवा ढकलणारा एफडी फॅन हा मी पाहिलेला पहिला ‘सुपरचार्जर’. तिथला एक नियम लहानपणीच कानावर पडला होता: लोड वाढवताना आधी हवा वाढवायची, मग कोळसा. पुढे इंजिनिअरिंगला आम्ही चौघांनी एका जुन्या कार्बोरेटरवाल्या इंजिनाला ब्लोअर जोडला. हवा भरपूर दिली, पेट्रोल मात्र आधीइतकंच. तिसऱ्या दिवशी एका पिस्टनला भोक पडलं. चूक कुठे झाली ते शोधताना सुपरचार्ज्ड गाड्यांचा इतिहास वाचत गेलो आणि ड्युझेनबर्ग एसजेच्या मालकांमध्ये चक्क मराठी आडनाव दिसलं, होळकर.

इंदूरचे महाराजा यशवंतराव होळकर दुसरे. जन्म ६ सप्टेंबर १९०८. नीरेकाठच्या होळ गावातून निघालेलं हे घराणं, मल्हारराव आणि अहिल्याबाईंचं. यशवंतराव गादीवर आले ते मात्र एका भानगडीतून. जानेवारी १९२५ मध्ये मुंबईत मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या व्यापाऱ्याचा खून झाला. त्याचे धागे इंदूर दरबारापर्यंत गेले आणि वडील तुकोजीराव तिसरे यांना १९२६ मध्ये गादी सोडावी लागली. मुलगा तेव्हा १७ वर्षांचा. ऑक्सफर्डचं शिक्षण झालं, १९३० मध्ये पूर्ण अधिकार हातात आले. कागलच्या संयोगिताराजेंशी लग्न आधीच झालेलं होतं.

हे जोडपं म्हणजे त्या काळातले ‘अर्ली अ‍ॅडॉप्टर’. एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन आर्किटेक्टकडून त्यांनी इंदूरला माणिकबाग बांधून घेतला. आत स्टीलचं फर्निचर, एअर कंडिशनिंग. तेही १९३० च्या दशकात! ब्रांकुसीची शिल्पं घेतली, मॅन रेकडून फोटो काढून घेतले. पैसा अर्थात संस्थानातल्या रयतेचा होता, ते विसरून नुसतं वाह वाह करणं मला जमत नाही. पण नजर होती, हे मान्य करायला हवं.

याच नजरेने त्यांनी गाडी निवडली. चासी आणि इंजिन अमेरिकेच्या ड्युझेनबर्गचं, बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगची. एवढ्या लांबलचक चासीवर सीट फक्त दोन. रंग केशरी आणि काळा. आत ६.९ लिटरचं आठ सिलिंडरचं इंजिन. साध्या मॉडेल जेची ताकद कंपनी २६५ हॉर्सपॉवर सांगायची, सुपरचार्जरवाल्या एसजेची ३२०. सुपरचार्जरचा पंखा इंजिनाच्या पाच-सहा पट वेगाने फिरायचा. ही गाडी घडवणारे फ्रेड ड्युझेनबर्ग स्वतः १९३२ मध्ये पेनसिल्व्हेनियात एसजे चालवताना अपघातात सापडले आणि काही दिवसांनी न्यूमोनियाने गेले. कागदावर दिसते तितकी ही ताकद पाळीव नव्हती.

मग गोम कुठे आहे?

१ किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. सुपरचार्जरने ५ पीएसआय दाब दिला, तर सिलिंडरमध्ये सुमारे एक तृतीयांश जास्त हवा कोंबली जाऊ शकते. त्या हिशोबाने पेट्रोल वाढवावंच लागतं, पण तेवढ्यावर भागत नाही. दाबली की हवा तापते (सायकलचा पंप आठवा), आणि तापलेल्या मिश्रणाचा भडका वेळेआधीच उडतो. हेच नॉकिंग, हेच आमच्या पिस्टनचं भोक. म्हणून बूस्टमध्ये मुद्दाम जास्त पेट्रोल देतात, प्रमाण १२ च्या आसपास आणतात. जादा पेट्रोल वाफ होताना उष्णता शोषून घेतं. म्हणजे बॉयलरच्या बरोबर उलटं: तिथे हवा मागे पडलेली चालत नाही, इथे इंधन.

आता कार्बोरेटर ठेवायचा कुठे? एक पद्धत सुपरचार्जरच्या आधी. हवा ओढली जातानाच पेट्रोल मिसळतं. सोपी पद्धत, फक्त जेट मोठे लागतात. तोटा असा की अख्खा ब्लोअर पेट्रोलच्या धुक्याने भरलेला असतो, इंजिनाने उलटा बार काढला तर पंचाईत. दुसरी पद्धत सुपरचार्जरच्या नंतर. मर्सिडीजच्या ५४०के सारख्या कॉम्प्रेसर गाड्या अशा होत्या. इथे गंमत बघा. पंप ३ पीएसआयने पेट्रोल ढकलतोय आणि कार्बोरेटरमध्ये हवेचा दाब ५. पेट्रोल आत येईलच कसं? म्हणून फ्लोट चेंबरलाही तोच बूस्ट द्यायचा आणि पंपाचा दाब बूस्टबरोबर वाढवत न्यायचा: ५ अधिक ३, म्हणजे ८. आमच्या प्रोजेक्टमध्ये नेमकं हेच राहिलं होतं.

तुमच्या गाडीत आज हे सगळं प्रेशर सेन्सर, ईसीयू आणि इंजेक्टर मिलिसेकंदात करतात. माझ्या भाषेत सांगायचं तर, एक टेबल लुकअप. होळकरांच्या काळात ते टेबल मेकॅनिकच्या डोक्यात असायचं. तो स्पार्क प्लग काढून त्याचा रंग बघायचा, पांढुरका दिसला की जेट बदलायचा. मालकाचा गाडीसोबत फोटो असतो, या माणसाचा सहसा नसतो.

आज कोणी अशी जुनी गाडी उभी करत असेल तर आपल्याकडे ई२० चा मुद्दाही आहे. इथेनॉलमुळे नॉकिंग कमी होतं हा फायदाच, पण १४.७ चा आकडा १३.५ च्या आसपास येतो. म्हणजे जुन्या जेटवर मिश्रण आपोआप पातळ. शिवाय जुने रबरी पाइप इथेनॉलमध्ये खराब होतात, ते आधी बदला.

यशवंतरावांचं पुढचं आयुष्य मात्र कसल्याच सेटिंगने सावरणारं नव्हतं. जुलै १९३७ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये संयोगिताराजे गेल्या, ऐन तारुण्यात. ब्रांकुसीकडून इंदूरला ध्यानमंदिर करून घ्यायचं ठरत होतं, त्यासाठी तो भारतात येऊनही गेला, पण मंदिर झालंच नाही. १९४८ मध्ये संस्थान मध्य भारतात विलीन झालं, आणि ते नव्या राज्याचे उपराजप्रमुख झाले. सी. के. नायडूंच्या होळकर संघाने रणजी करंडक चार वेळा जिंकला, तो याच वर्षांच्या आगेमागे. ५ डिसेंबर १९६१ ला मुंबईत यशवंतराव वारले, ५३ व्या वर्षी.

माणिकबागमधलं बरंचसं फर्निचर १९८० मध्ये मोनॅकोत लिलावात गेलं. इमारतीत आता केंद्रीय कर खात्याचं ऑफिस आहे. आणि ती केशरी-काळी ड्युझेनबर्ग, जिथे तिचं इंजिन बनलं होतं, त्या अमेरिकेतच परत पोहोचली.